अवर मीटरवर २१० तास, इंजिन मात्र संपलेले: जुन्या रायडिंग मोवरच्या खरेदीतील फसवणूक

जुना रायडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, विकताना विक्रेत्याने माझी जी फसवणूक केली ती जवळजवळ सर्वस्वी इंजिनाच्या झिजेबाबत होती, आणि तिच्यातील प्रत्येक युक्ती इतकी सोपी आहे की ती इतर गिऱ्हाइकांवरही सर्रास वापरली जात असावी. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

इंजिन किती तास चालले ते मोजणाऱ्या अवर मीटरवर २१० तास दिसत होते. तेल वेळेवर बदललेले असेल तर घरगुती वापराचे साधे इंजिनही कित्येकशे तास सहज काढते, आणि सिलिंडरला बिडाचा स्लीव्ह (आतले अस्तर), दाबाने तेल फिरवणारा पंप व ऑइल फिल्टर असलेली इंजिने त्याच्याही बरीच पुढे जातात. त्या हिशेबाने हे इंजिन ऐन उमेदीतले ठरत होते. परंतु असा मीटर म्हणजे पुष्कळदा दोन वायरींवर चालणारा एक सुटा भाग असतो. जुना काढून नवा बसवला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि येथे नेमके तेच केलेले होते. ब्रेक पेडलचे रबर मधोमध काचेसारखे गुळगुळीत झालेले होते आणि त्यावरच्या खाचा केवळ कडेला उरल्या होत्या. कापणीच्या डेकला, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाला, आतून वेल्डिंगची ठिगळे होती. २१० तासांत कोणाचाही पाय एवढे रबर खात नाही.

यंत्र दाखवण्यापूर्वी विक्रेत्याने इंजिन तापवून ठेवले होते. ‘आत्ताच जरा फिरवून आणला,’ असे तो सहज म्हणाला. रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून, तेल झिरपत असल्याचा संशय घ्यावा, आणि पाती जोडून भार दिल्यावरही निळा धूर येतच राहिला तर बहुधा पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून गेलेल्या असतात. तापलेल्या इंजिनात यातला पहिला पुरावा मिळतच नाही. दुसरा झाकण्यासाठी त्याने नेहमीपेक्षा पुष्कळ घट्ट तेल भरले होते, ज्यामुळे धूरही कमी होतो आणि बेअरिंगची खडखडही दबते. डिपस्टिकवरचे तेल मधासारखे स्वच्छ होते, याचेच मला तेव्हा कौतुक वाटले. विकण्याच्या आदल्या दिवशी बदललेले तेल इंजिनाच्या पूर्वायुष्याविषयी काहीही सांगत नाही. उलट जुने तेल तसेच राहू दिलेले असते, तर त्यातील धातूची चमक बोटावर दिसली असती.

सिलिंडरमधील दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज लावून दाखवण्याचा प्रयोगही झाला. या प्रकारच्या बऱ्याच इंजिनांत स्टार्टरवर भार येऊ नये म्हणून सुरू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेजवरचा आकडा मुळातच कमी येतो, शिवाय स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडले की झिजलेल्या रिंगांची फटही तात्पुरती बुजून तो वर चढतो. अशा आकड्याचा अर्थ विक्रेता हवा तसा लावू शकतो. खरी चाचणी लीक-डाउनची: पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी अगदी वर आणून, क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) फिरणार नाही असा धरून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कोठून सुटते ते ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत), क्वचित हेड गॅस्केटही.

ही चाचणी खरेदीनंतर मेकॅनिकने केली, तेव्हा हवा डिपस्टिकच्या नळीतून सरळ बाहेर येत होती. त्याने एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात आतून बोट फिरवले, तर बोटाला बारीक राखाडी धूळ लागली. फिल्टर नवा होता, पण त्यामागची धूळ जुनी होती: कधीतरी फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरवर हे इंजिन बराच काळ चालले होते, आणि तेलात मिसळलेली अशी धूळ पॉलिशपेपरप्रमाणे रिंगा व बोअर घासत जाते. वरचे आवरण उघडल्यावर सिलिंडरच्या थंड करणाऱ्या पट्ट्या वाळक्या गवताने बुजलेल्या आढळल्या. खालची पुली हाताने आडवी हलवली की क्रँकशाफ्ट स्पष्ट डुगडुगत होता, म्हणजे त्याचे बेअरिंगही खाल्ले गेले होते. ही एक तपासणी तर इंजिन बंद ठेवून, चावी व स्पार्क प्लगची वायर काढून, कोणालाही जागेवर करता येते. बोअर ॲल्युमिनियमचा आणि मर्यादेबाहेर झिजलेला असल्याने केवळ नव्या रिंगा घालून भागणार नव्हते. मेकॅनिकने दुसरे इंजिन बसवण्याचाच सल्ला दिला.

विक्रेत्याकडे गेल्यावर त्याने पावतीवरील ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांवर बोट ठेवले. मीटर बदलल्याचे त्याने नाकारले नाही. ‘तास किती झाले, असे मी कधी लेखी दिलेच नाही,’ एवढेच तो म्हणाला, आणि पावतीवर खरोखरच तासांचा उल्लेख नव्हता.