थिसिस लोकांपर्यंत न्यायचाय : कॉमिक की पॉडकास्ट?

पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला, पेढे वाटून झाले, आणि मग आईच विचारते, पाच वर्षं नक्की काय शोधलंस रे? त्या प्रश्नावर नीट उत्तर देता आलं नाही म्हणून ज्यांना खाज सुटलीय त्यांच्यासाठी हे. माझा विषय बसाल्टमधलं, आपल्या काळ्या पाषाणातलं भूजल, म्हणजे पुरंदरच्या पूर्वेकडच्या गावांत टेप घेऊन विहिरींमधलं पाणी मोजत फिरणं. लोकांना सांगायचं म्हणून मी दोन्ही करून बघितलं, आधी सहा भागांचा पॉडकास्ट आणि नंतर सोळा पानांचं कॉमिक. कीर्तन-पोवाडा हा तिसरा रस्ता आहे, बहुतेक सगळ्यात भारी, पण त्याला गळा लागतो आणि पाठांतर लागतं, आपल्याकडे दोन्हीची बोंब. आणि २००८ पासून 'डान्स युअर पीएचडी' म्हणून एक स्पर्धा चालते, लोक आपला प्रबंध चक्क नाचून दाखवतात, बघायला मजा येते, पण मी नाचलो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात कुणी विहिरीच्या काठावर उभं केलं नसतं.

पॉडकास्ट आधी घेतला कारण स्वस्त. एक बरा माईक, मोबाईल, आणि गोधड्या टांगलेली खोली. पंखा बंद, एप्रिल महिना, शेजारी कुकर. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी, माझी भाषा सुधारली ती बोलताना. लिहिताना 'जलधर' बिनदिक्कत लिहून जातो आपण, तोंडाने म्हणून बघा, कसंतरीच वाटतं, मग आपोआप 'पाण्याचा थर' येतं. 'सच्छिद्र बसाल्ट'चं 'मांजऱ्या' झालं, विहीर खणणारे तसंच म्हणतात, मी मात्र पाच वर्षं त्यांच्यासमोर बसून पुस्तकातला शब्द वापरत होतो. शिवाय माणसं ऐकू येतात. एका आजींनी बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी कसं भरायचे ते सांगितलंय, ते मी कितीही चांगलं लिहिलं तरी त्या आवाजात जे आहे ते येणार नाही. तुमचं संशोधनच जर आवाजाचं असेल तर पुढचं वाचूच नका, सरळ ऑडिओ करा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्याच घ्या, एक लाखाच्या वर आहेत, ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या वेबसाईटवर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात आणि शेजारी शब्दही वाचता येतात. नुसत्या छापल्या असत्या तर निम्मा जीव गेला असता.

आता माझं कुठे अडलं ते. तिसऱ्या भागात मी सांगितलं होतं की आपल्या खडकात जितकं खोल जाल तितकं पाणी असं काही नसतं, उलट खोल बोअर वरचा थर फोडून गेली तर वरचं पाणी खाली निसटतं आणि शेजाऱ्याची विहीर आटते. साधारण महिन्याभरानं एका गावातून फोन. 'सर, तुम्हीच बोल्ला होता ना, बोअर खोल घ्या म्हणून?' मी म्हटलं नाही हो, बरोब्बर उलटं बोललोय. ते म्हणाले, मी स्वतः ऐकलंय. मग आम्ही दोघंही आपापल्या फोनवर ती फाईल उघडून तो ठिपका पुढेमागे ओढत बसलो, अडतीस मिनिटांचा भाग, मी म्हणतोय वीस मिनिटांच्या पुढे असेल, ते म्हणतायत सुरुवातीलाच होतं, मधे एकदा माझाच हसण्याचा आवाज लागला, आणि दहा मिनिटांनी ते बिचारे म्हणाले राहू द्या सर, बैलं सोडायचीत. मला ते वाक्य रात्री सापडलं. मी 'अजून खोल घ्या, अजून खोल घ्या' असं लोकांच्या बोलण्याची नक्कल करत म्हटलं होतं, पुढच्या वाक्यात ते खोडलं होतं, आणि त्यांच्याकडे पोचलं होतं फक्त पहिलं. चूक त्यांची नाहीच. पण बोललेल्यावर बोट ठेवता येत नाही ही गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. कुठलं बोलणं कुठे आहे त्याची मिनिटं लिहून देता येतात, मान्य, मीही नंतर दिली, कुणी वापरल्याचं ऐकलं नाही.

कॉमिकचा ताप वेगळा. चित्रकार शोधा, त्याला मानधन द्या (द्याच, 'समाजासाठी आहे' म्हणून फुकटात काढून घेऊ नका), मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत बसवा, म्हणजे अठरा पानांचं म्हणणं सोळात कोंबा. चार रंग परवडेनात म्हणून काळा आणि निळा. आणि निळ्यानंच घात केला. चित्रकारानं जमिनीखाली झकास निळं तळं काढलं, मी प्रूफ बघताना संवादाच्या बलूनमधल्या वेलांट्या तपासत बसलो, तळं दिसलंच नाही. छापून आलं, गावात वाटलं, आणि आयुष्यभर विहिरी खणलेल्या एका नानांनी नवव्या पानावर बोट ठेवलं. 'हे काय काढलंय? खाली असं तळं असतंय व्हय?' मग त्यांनी माझंच पेन घेऊन त्या तळ्यावर फटी काढल्या, आडव्या, बारीक, मधे मधे तुटलेल्या, आणि म्हणाले पाणी हितनं येतंय. थिसिसमधली आकृती याच्याहून फार वेगळी नाही. आपल्या बसाल्टमध्ये शंभर लिटर खडकातून विहिरीला मिळतं ते साधारण एक ते तीन लिटर, बाकी दगडच, आणि मी लोकांना तळं वाटत फिरत होतो.

लाज वाटली, पण तो फोन आठवला. तिथं दोघांना मिळून चूक सापडेना, इथं दोन मिनिटांत सापडली, दुरुस्तही झाली, तीही माझ्यापेक्षा जास्त कळणाऱ्याकडून. दुसऱ्या छपाईत नववं पान नानांच्या रेघांवरूनच केलं. हां, तोपर्यंत पहिल्या छपाईच्या प्रती घरोघरी गेल्या होत्या, त्या परत येत नाहीत, ऑडिओची फाईल निदान बदलता तरी येते. आणि कॉमिकची पीडीएफ मोबाईलवर वाचायची म्हणजे बलून मोठा करा, बाजूला सरकवा, पुढचा शोधा, वैताग आहे, कागदावर छापायचं नसेल तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता.

चित्र काढलं की संशोधन पोरकट वाटेल अशी भीती गाईडना असते. माझ्याही होती. त्यांना सांगा की निक सुसानिसनं २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अख्खा प्रबंधच कॉमिकमध्ये दिला आणि पदवी मिळवली. पटतील असं नाही.

तुमचा विषय वेगळा असेल, गावं वेगळी असतील, गळा चांगला असेल, तर गणित फिरू शकतं. मी सध्या दुसरं कॉमिक करतोय, जमिनीखाली पाणी कुठे ते सांगणाऱ्या पाणाड्यावर, कच्ची चित्रं घेऊनच नानांकडे जाणारे. माईक कपाटात आहे, चांगल्या कंडिशनमध्ये, कुणाला हवा असेल तर घेऊन जा, गोधड्यांसकट.