मंगळवार पेठेतलं मटणाचं दुकान : पायांसाठी पाच स्टार

मटणाच्या दुकानाचा रिव्ह्यू आजवर कधी लिहिला नव्हता, पण गेली दोन वर्षं माझ्या दहावीच्या क्लासचं निम्मं सामान ह्याच दुकानातनं येतंय म्हणून लिहिते. मटण चांगलं, बोकडाचंच आणि कोवळं, अळणी मस्त होते, रविवारी रांग असते, बाकी ते सगळं लोकांनी लिहिलेलं आहेच. मला पायांबद्दल सांगायचंय.

स्टेट बोर्डाच्या दहावीला विज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे, त्यात पुरावे येतात, माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, दिसायला वेगळे पण आत हाडांची मांडणी एकच. पोरं पाठ करतात, मार्क घेतात, आणि खरं मात्र कुणाला वाटत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटायचं. मग ऑनलाइन प्लास्टिकच्या हाडांचा सेट मागवला, महाग होता, आणि शेळीच्या पायाचं हाड म्हणजे नुसती गुळगुळीत नळी, त्यावर दाखवायचं तरी काय. शेवटी ह्या दुकानात आले.

मामांनी विचारलं, "बाई, खायला पायजेत का शिकवायला?" शिकवायला म्हटल्यावर त्यांनी सत्तूर बाजूला ठेवला आणि बारक्या सुरीनं एकेक सांधा सोडवून दिला, कुठं चीर नाही की तडा नाही. भाजायचे नाहीत हेही त्यांच्या लक्षात राहिलं, आता मी गेले की विचारतही नाहीत.

घरी आणून शिजवायचे, मांस काढायचं, कोमट पाण्यात धुण्याच्या पावडरीत दोन-तीन दिवस ठेवायचे, मग मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर अजिबात नको, त्यानं हाड भुसभुशीत होतं.

आता ते खुराच्या वरचं लांब हाड हातात घ्या. समोरून बघितलं तर मधोमध उभी चर दिसते आणि खालच्या टोकाला दोन वेगवेगळ्या गाठी, एकेका खुराला एकेक. म्हणजे ती दोन हाडं आहेत, आपल्या तळहातात मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं हाड असतं ना तीच, फक्त जन्माआधीच जुळून एक झालेली. आणि पायाच्या मागं दोन बारकी खुरं लटकतात जमिनीला न टेकणारी, ती दुसरं आणि पाचवं बोट, अंगठा तर गेलाच. पोरं आपल्या हाताची बोटं मोजून मोजून बघत होती, नुसत्या चालण्यासाठीच पाय घडवायचा असता तर दोन हाडं करून परत जुळवायची गरजच काय, हे मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं.

पण खरा ऐवज मागच्या पायात आहे, घोट्याचं हाड. आक्रोडाएवढं, आणि वर-खाली दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खाच. आपल्या घोट्यात कप्पी वरच्याच टोकाला, कुत्र्याचंही तसंच. दोन्हीकडं कप्पी असलेलं हाड शेळी, गाय, डुक्कर, हरीण, उंट, पाणघोडा ह्या जोडखुरी प्राण्यांतच मिळतं. आणि देवमाशाच्या पूर्वजात!

ह्यावर बरीच वर्षं वाद होता. दातांवरून बऱ्याच जीवाश्म अभ्यासकांना वाटायचं की देवमासे मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी गटातनं आले, डीएनएवाले म्हणायचे पाणघोडा जवळचा. २००१ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या दोन टीमनी, एक फिलिप जिंजरिच यांची आणि एक हान्स थेविसन यांची, पाय असलेल्या जुन्या देवमाशांची घोट्याची हाडं जगापुढं मांडली, जिंजरिच यांची सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीची, आणि सगळ्यांना दोन्हीकडं कप्पी. डीएनए आणि दगड, दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर, ह्याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. जिंजरिच स्वतः आधी मेसोनिकिडवालेच होते, हाड हातात आल्यावर त्यांनी मत बदललं, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

आणि आपल्याकडचं पण सांगते, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मागं तसेच पडून होते, त्यांच्या पत्नीनं ते थेविसनना दिले, आणि त्यातनं इंडोहायस निघाला, बारक्या हरणासारखा प्राणी, ज्याच्या कानाच्या हाडाची आतली कड देवमाशासारखी जाड. २००७ ची गोष्ट आहे ही. एका पोरीनं विचारलं, "बाई, मग देवमाशाला खूर होते व्हय?" मी घोट्याचं हाड तिच्या हातावर ठेवलं, तिनं तास संपेपर्यंत परत दिलं नाही.

तक्रार म्हणाल तर पार्किंग नाही, गाडी कोपऱ्यावर लावून चालत यावं लागतं, आणि रविवारी असलं काही मागू नका, मामांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मंगळवारी सकाळी नऊच्या आत जावा आणि नीट सांगा, मागचे पाय, घोट्याच्या बऱ्याच वरनं तोडून द्या, भाजू नका. नुसते पाय मागितले तर घोट्याच्या खालनं तोडलेले मिळतात आणि कप्पीचं हाड मांडीच्या तुकड्याबरोबर दुसऱ्याच्या पिशवीत जातं.