ओपलचा हवा-सर्वेक्षण संच : नऊ दगडफुलं काय सांगतात आणि काय नाही

ब्रिटनमधल्या 'ओपन एअर लॅबोरेटरीज' म्हणजेच ओपल प्रकल्पाने 2009 मध्ये हवेच्या सर्वेक्षणाचा एक संच काढला. प्रकल्पाची धुरा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजकडे होती. संचात एक पुस्तिका, दगडफुलं ओळखायचं सचित्र घडीपत्रक आणि एक छोटं भिंग. खोडावरची दगडफुलं (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची एकत्र राहणारी जोडी) पाहून परिसराच्या हवेचा अंदाज घ्यायचा, हे त्याचं काम. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांनी आणि शिक्षकांनी हे पत्रक मिळालं तर जरूर वापरावं. पुण्या-मुंबईत मात्र ते जसंच्या तसं लावू नये.

संचाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे निवड. ब्रिटनमध्ये दगडफुलांच्या 1800 च्या वर जाती आहेत. पत्रकात फक्त नऊ प्रकार घेतलेत, तेही तीन गटांत. उस्निया, एव्हर्निया आणि हायपोजिम्निया हे नायट्रोजनयुक्त प्रदूषण न सोसणारे. मेलॅनेलिक्सिया, फ्लॅव्होपार्मेलिया आणि पार्मेलिया मधले. पानासारखा पसरणारा झँथोरिया, गादीसारखा फुगीर झँथोरिया आणि फिसिया हे नायट्रोजनवर पोसणारे. बारा वर्षांचं मूलसुद्धा हे नऊ प्रकार सरावाने ओळखू शकतं, कारण खुणा हाताने तपासता येतात. उस्नियाचा धागा हलकेच ताणला की आत पांढरी, रबरासारखी ताणणारी दोरी दिसते. एव्हर्नियाची पट्टी वरून हिरवी, खालून पांढरी असते. दोन्ही बाजू हिरव्या असतील तर तो रामालिना, नऊमधला नव्हेच. हायपोजिम्नियाच्या फांद्या आतून पोकळ असतात.

इथेच नवखे लोक हमखास फसतात. झाड केशरी-पिवळ्या दगडफुलांनी भरलेलं दिसलं की 'वा, हवा स्वच्छ!' असा निष्कर्ष काढतात. उलट आहे. इंग्लंडमध्ये गोठ्याशेजारची झाडं झँथोरियाने माखलेली असतात, कारण शेणामुतातून निघणारा अमोनिया सालीची आम्लता कमी करतो आणि या प्रकारांना तेच मानवतं. दगडफुलं किती आहेत यापेक्षा कोणती आहेत हे महत्त्वाचं. पत्रक तीन गट करून हे नीट शिकवतं, आणि त्यासाठीच आम्ही त्याला पूर्ण गुण देतो.

जुन्या मोजपट्टीच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. हॉक्सवर्थ आणि रोझ या दगडफुलांच्या अभ्यासकांनी 1970 मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी, कोणती दगडफुलं दिसतात त्यावरून हवा ठरवणारी जी श्रेणी मांडली, ती सल्फर डायऑक्साइडसाठी होती. कोळशाचा धूर कमी झाला, दगडफुलं लंडनमध्ये परतली, पण श्रेणीच्या क्रमाने नाही. नायट्रोजन सोसणारी बरीच पुढे घुसली. आज ती जुनी श्रेणी लावली तर उत्तर चुकतं.

वापरताना काय बिघडतं ते सांगतो. पाऊस पडून गेल्यावर लगेच पाहणी करू नये. ओलं दगडफूल हिरवं दिसतं, कारण वरचा थर पारदर्शक होऊन आतलं शेवाळ दिसायला लागतं. मग राखाडी आणि हिरवा यांत फरकच उरत नाही. सावलीत वाढलेला झँथोरियाही राखाडी-हिरवा पडतो. अशा वेळी त्याच्या कडेला किंवा वाटीसारख्या फळांत पिवळेपणा शोधावा. सालीवरची हिरवी भुकटी हे नुसतं शेवाळ असतं, ते मोजायचं नाही. केशरी रंगाचं ट्रेंटेपोलिया हे शेवाळ तर झँथोरिया म्हणून सर्रास नोंदलं जातं. बोटाने घासून पाहा: ट्रेंटेपोलिया मखमलीसारखं असतं, बोटाला रंग लागतो, त्याला पानासारखी कड नसते.

भिंग हा संचाचा कमकुवत भाग. फिसियाच्या कडेचे केस पाहायला काचेचं दहापट भिंग हवं. ते डोळ्याला टेकवून आपणच खोडाकडे सरकायचं, अंतर साधारण अडीच सेंटिमीटरवर येईपर्यंत. भिंग खोडाजवळ आणि डोळा लांब धरला तर काहीच नीट दिसत नाही.

संचात सिकॅमोर या मेपलवर्गातल्या झाडाच्या पानांवरचे काळे डाग मोजायचाही एक भाग आहे. तो सोडून दिला तरी चालेल. डाग पाडणारी बुरशी गळलेल्या पानांवर हिवाळा काढते. शहरात पानं झाडून नेली की डाग कमी होतात, आणि मग दोष हवेचा की झाडूचा हे कळत नाही.

दगडफुलं वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, म्हणून ती वर्षानुवर्षांचा हिशेब सांगतात. कालचा धूर किंवा दिवाळीचं धुरकं त्यांना विचारू नये. त्याला यंत्रच हवं.

आता महाराष्ट्र. पत्रकातले प्रकार ब्रिटनच्या थंड हवेसाठी निवडलेले, त्यामुळे इथे उस्निया दिसली नाही म्हणून हवा वाईट ठरवणं सरळ चूक आहे. पाहणीची चौकट युरोपीय मानक ईएन 16413 मधून घ्यावी. 10 बाय 10 सेंटिमीटरचे पाच चौकोन एकाखाली एक, अशी दोरीची शिडी करायची. ती खोडावर चारी दिशांना, तळ जमिनीपासून 1 मीटरवर ठेवून बांधायची आणि प्रत्येक जात किती चौकोनांत आहे ते लिहायचं. आपल्याकडे रस्त्याकडेच्या खोडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे असतात. चुन्याने साल अल्कधर्मी होते, म्हणून अशी झाडं वगळावीत. पेरू आणि निलगिरीही नकोत, त्यांची साल सोलून पडते. आंबा चांगला. एकाच जातीची निदान पाच झाडं, आणि दरवर्षी तीच. पाहणी पावसाळा संपून साल वाळल्यावर करावी.

भारतीय शहरांत उपयोगी पडतं ते पिक्सिन कोकोएस हे दगडफूल. वर्दळीच्या रस्त्यांवरही ते टिकतं, आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या (एनबीआरआय) संशोधकांनी त्यात साठलेले धातू मोजून प्रदूषणाचा माग काढला आहे. (याच कारणासाठी रस्त्याकडेचं दगडफूल खरवडून मसाल्यात घालू नये.) राखाडी, सालीला घट्ट चिकटलेलं असल्याने ते फिसिया समजलं जातं. अंधार पडल्यावर 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा: पिक्सिन कोकोएस पिवळं चमकतं, फिसिया चमकत नाही. तरी खात्री होत नसेल तर सालीच्या पातळ कपच्यासह नमुना कागदी पाकिटात ठेवावा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर झाड, दिशा, उंची आणि तारीख लिहून तो पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या जाणकारांना दाखवावा.