मॅकशेन यांचा वार्षिक शास्त्रवाचन आराखडा : जानेवारीपासूनच्या वापराचा अनुभव

वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचून व्हावे यासाठी जे आराखडे प्रचलित आहेत, त्यांपैकी स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केलेला आराखडा आम्ही यंदाच्या जानेवारीपासून कोपरखैरणे येथील घरी वापरत आहोत. घरात आम्ही चौघे आहोत : सासूबाई, माझे यजमान, आठवीत शिकणारी मुलगी आणि मी. आता नाताळ दूर राहिलेला नाही, त्यामुळे एवढ्या महिन्यांच्या वापरानंतर या आराखड्याविषयी ठामपणे काही सांगता येईल असे वाटते. ज्या घरांत रविवारची उपासना चुकत नाही, पण आठवड्याचे बाकीचे दिवस प्रार्थनेविना निघून जातात, त्या घरांनी हा आराखडा अवश्य घ्यावा; मात्र तो जसाच्या तसा पाळण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत झाले आहे.

आराखड्याची मांडणी साधी आहे. प्रत्येक तारखेसमोर चार रकान्यांत मिळून साधारणपणे चार अध्याय दिलेले असतात आणि वर्षाच्या शेवटी जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. यातील दोन अध्याय कुटुंबाने एकत्र वाचायचे आणि दोन प्रत्येकाने एकांतात, ही विभागणी मला या आराखड्याचा गाभा वाटते. पहिल्या जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चार पुस्तकांचे पहिले अध्याय येतात, म्हणजे जगाची निर्मिती, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासातून परतलेल्या लोकांनी मंदिर पुन्हा बांधण्यासाठी उचललेले पहिले पाऊल आणि मंडळीचा आरंभ एकाच दिवशी समोर उभे राहतात. पहिल्याच दिवशी हे लक्षात आले, तेव्हा आराखडा करणाऱ्याने नुसते अध्याय वाटून दिलेले नाहीत याची खात्री पटली. (कॅथलिक वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की हा आराखडा सहासष्ट पुस्तकांच्या शास्त्रावर आधारलेला आहे आणि मिस्साच्या रोजच्या वाचनांशी त्याचा मेळ बसत नाही.)

सासूबाईंचे माहेर राहुरीकडचे. तेथे दिवेलागणीला सगळे घर एकत्र बसून भजन म्हणत असे, शास्त्रभाग वाचला जात असे आणि मगच जेवणाची पाने मांडली जात. नवी मुंबईत दिवेलागणीच्या वेळी आमच्यापैकी कोणीच घरी नसते. मी वागळे इस्टेटमधील कार्यालयातून निघून ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी पकडते, यजमान त्याहून उशिरा येतात आणि मुलीची शिकवणी असते. अशा दिनक्रमात कौटुंबिक प्रार्थना कोणी ठरवून बंद केली असे होत नाही. ती आधी शनिवारपुरती उरते आणि मग सणांपुरती. त्यातच आज कोणता भाग वाचायचा हा प्रश्न रोज नव्याने पडला, की थकलेली माणसे ओळखीचेच स्तोत्र काढून दोन मिनिटांत आमेन म्हणतात. भाग निवडण्यात वेळ जात नाही आणि आईवडिलांना मुलांशी बोलण्यासाठी रोज एक विषय मिळतो, हे आराखड्याचे फायदे मॅकशेन यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहेत, आणि दोन्ही आमच्या घरात खरे ठरले. आम्ही जेवणानंतरची वेळ धरली. सासूबाई नारायण वामन टिळकांचे एखादे भजन सुरू करतात, मुलगी पहिला अध्याय वाचते, दुसरा आम्ही आळीपाळीने वाचतो आणि शेवटी प्रत्येक जण एकेक वाक्याची प्रार्थना करतो.

या आराखड्याची खरी परीक्षा एप्रिलमध्ये होते, कारण त्या महिन्यात कौटुंबिक वाचनात लेवीय हे पुस्तक येते. होमार्पण, अन्नार्पण, पापार्पण, शुद्ध आणि अशुद्ध प्राणी, अंगावरचे चट्टे तपासण्याचे नियम, हे सर्व जेवणानंतर आठवीतल्या मुलीसमोर वाचायचे म्हणजे काय होईल, याची मला काळजी होती. पण मार्च संपता संपता योहानाचे शुभवर्तमान पूर्ण होते आणि एप्रिलच्या आरंभी कौटुंबिक वाचनाच्या दुसऱ्या रकान्यात स्तोत्रसंहिता सुरू होते. त्यामुळे रोज रात्री आधी वेदीजवळचे नियम आणि लगेच त्याच वेदीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे अंतःकरण, असे दोन्ही ऐकू येऊ लागले. पवित्र देवाजवळ येणे ही किरकोळ गोष्ट नाही हे लेवीय सांगते, आणि तरीही माणूस त्याला हाक मारू शकतो हे स्तोत्र सांगते. पुढची योजना याहूनही विचारपूर्वक केलेली आहे. लेवीय संपते न संपते तोच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एकांताच्या रकान्यात नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ सुरू होते. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक वर्षातून एकदा रक्त घेऊन परमपवित्रस्थानात जात असे, हे वाचून काही आठवडेच झालेले असतात, आणि आता ख्रिस्त स्वतःचे रक्त घेऊन एकदाच व कायमचा आत गेला, हे आपण एकट्याने वाचतो. प्रभुभोजनाच्या वेळी हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण यंदा ते कानांवर पडले तेव्हा मला हात जोडूनही उभे राहवेना आणि मी गुडघे टेकले.

जूनच्या आरंभी स्तोत्र ८८ येते. शास्त्रातील बहुतेक विलापगीते अखेरीस आशेकडे वळतात, परंतु हे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच आठवड्यात सासूबाईंचे थोरले बंधू वारले. राहुरीहून परतल्यावर आम्ही मागे राहिलेले हे स्तोत्र वाचायला घेतले आणि ते वाचून झाल्यावर कोणीही त्याचा अर्थ समजावून सांगितला नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या की देवासमोर असेही बोलता येते हे त्यांना माहीत होते, पण कोणी मोठ्याने वाचून दाखवले नव्हते. स्वतःच्या आवडीने भाग निवडत राहिलो असतो, तर हे स्तोत्र आमच्या घरात वाचले गेले असते असे मला वाटत नाही.

एकांतातील वाचनाविषयी माझे मत इतके सरसकट अनुकूल नाही. जानेवारीत ते उत्तम चालले. एज्रा आणि नहेम्या ही पुस्तके, मोडून पडलेली उपासना पुन्हा उभी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले जाते, लोक रडू लागतात आणि त्यांना सांगितले जाते की रडू नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचे सामर्थ्य आहे. हा अध्याय मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा वाचला. परंतु जून ते ऑगस्ट या काळात यशया आणि यिर्मया यांचे दीर्घ अध्याय आणि त्यांच्या जोडीला नव्या करारातील आणखी एक अध्याय, हे सर्व सकाळी डबे भरण्यापूर्वी मनन करून वाचणे नोकरी करणाऱ्या व्यक्तीला जड जाते. मी काही दिवस गाडीत ध्वनिमुद्रित शास्त्र ऐकून पाहिले. शुभवर्तमाने आणि कृत्ये यांसारखे कथाभाग ऐकताना चांगले मनात ठसतात, पण संदेष्ट्यांची वचने आणि पौलाची पत्रे घणसोली ते ऐरोली या टप्प्यातल्या गर्दीत उभ्याने ऐकून आकळत नाहीत. म्हणून पावसाळ्यापासून मी सकाळी एकच अध्याय सावकाश वाचते आणि दुसरा रात्री, जमल्यास. मंडळीतील काही जण कौटुंबिक रकाने एका वर्षी आणि एकांताचे रकाने पुढच्या वर्षी, असे दोन वर्षांत हा क्रम पूर्ण करतात. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी तेच सुचवेन.

आराखडा वाचन देतो, प्रार्थना कशी करावी हे तो सांगत नाही, आणि ही उणीव भरून काढावी लागते. मार्टिन लूथर यांनी १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याच्या विनंतीवरून त्याला प्रार्थनेची एक साधी रीत लिहून दिली होती : प्रभूची प्रार्थना एकेका वाक्याने घ्यावी, त्या वाक्यावर थांबून आपल्या शब्दांत देवाशी बोलावे, आणि मध्येच पवित्र आत्मा मनाशी बोलू लागला तर पुढची वाक्ये सोडून शांतपणे ऐकावे. वाचलेल्या अध्यायातील एखादे वचन या रीतीने घेतले की प्रार्थना मागण्यांच्या यादीपुरती राहत नाही. पूर्वी माझी प्रार्थना परीक्षा, आजारपण आणि नोकरी यांच्यापलीकडे क्वचितच जात असे. आता देव आधी बोलतो आणि मी उत्तर देते, असा क्रम झाला आहे, आणि त्याच्याशी जवळीक वाढली असे मी म्हणते ते या अर्थाने. याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आम्ही जानेवारीत कुटुंबात वाचला, तेव्हा त्या चाकराच्या कृतघ्नपणाविषयी सर्वांनीच मते मांडली. जुलैत तोच दाखला एकांताच्या रकान्यात आला. या वेळी मत ऐकायला कोणी नव्हते. बराच काळ जिच्याशी मी कामापुरतेच बोलत होते, त्या सहकारी स्त्रीचे नाव मनात आले आणि दुसऱ्या दिवशी मी आपणहून तिच्याजवळ जाऊन बसले.

चुकलेल्या दिवसांचा प्रश्न प्रत्येकापुढे येतो. पाहुणे, आजारपण, रुळांवर पाणी साचून उशिरा आलेली गाडी, अशी कारणे घडतच राहणार. मोबाइलवरील ॲपमध्ये हा आराखडा मिळतो, पण त्यात किती दिवस सलग वाचले याची मोजणी पुढे येत राहते आणि तिचे दडपण मनावर येते. आम्ही ती सूचना बंद करून छापील तक्ता शास्त्राच्या मुखपृष्ठामागे ठेवला आहे. शिस्तीला रूढीचे रूप येणे, स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान वाटणे, घाईने वाचणे आणि वाचनाचे जू वाहवेनासे होणे, हे चार धोके मॅकशेन यांनी आपल्या मंडळीला आरंभीच सांगितले होते. एवढ्या स्पष्टपणे आपल्याच योजनेचे धोके मांडणारा पाळक मला फार आदरणीय वाटतो, आणि त्यांच्या मंडळीने ते वाचन सुरू केले त्याच वर्षी, म्हणजे १८४३ च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले हे कळल्यापासून त्या चार ओळी मी वेगळ्याच गांभीर्याने वाचते. आम्ही असे ठरवले आहे की कौटुंबिक वाचन जेथे थांबले तेथून पुढे न्यायचे आणि एकांतातील वाचनात मात्र मागचे सोडून आजच्या तारखेला यायचे.

साहित्याबाबत थोडे सांगते. आराखड्याचा तक्ता आम्हाला इंग्रजीतच मिळाला, म्हणून मुलीने तो वहीच्या कागदावर मराठी नावांनी लिहून काढला, आणि या निमित्ताने तिला सर्व पुस्तकांचा क्रम पाठ झाला. वाचनासाठी आम्ही बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आवृत्ती घेतो. सासूबाईंकडे तिचीच मोठ्या अक्षरांची प्रत आहे. संदेष्ट्यांची भाषा मुलीला अवघड जाते, तेव्हा तिच्यासाठी सोप्या मराठीतील भाषांतर शेजारी उघडून ठेवतो. सामान्य स्त्रियांना शास्त्र समजावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे अखेरपर्यंत सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे श्रम घेतले, याची आठवण अशा वेळी हमखास होते.

ज्यांना हे वाचन सुरू करायचे आहे त्यांनी जानेवारीची वाट पाहू नये. आज जी तारीख असेल तिच्यासमोरच्या कौटुंबिक रकान्यातील दोन अध्यायांपासून आरंभ करावा, पहिला महिना एकांताचे रकाने बाजूला ठेवावेत, आणि घरातील सर्व जण रोज ज्या वेळी खरोखर एकत्र असतात ती वेळ, मग ती रात्री दहाची का असेना, आधी ठरवून घ्यावी.