पोटऱ्यांचा एअर मसाजर आणि रात्रीची वळवळ: आठ महिन्यांनंतर

पोटऱ्यांना बांधायचा हा एअर मसाजर मी ऑक्टोबरच्या शेवटी घेतला. घेण्याआधी जेवढे अनुभव वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते, आणि लिहिणाऱ्यांचे पाय दुखत होते. माझे पाय दुखत नाहीत. रात्री आडवं झालं की ते स्वस्थ बसत नाहीत. म्हणून माझ्यासारख्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

ज्याला हे होत नाही त्याला सांगून कळत नाही. गोळा येतो तेव्हा पोटरी दगडासारखी होते, हाताला लागते. इथे हाताला काहीच लागत नाही. सोड्याच्या बाटलीत फेस चढावा तसं पोटरीच्या आत, अगदी हाडाजवळ काहीतरी चढत जातं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवला की दोन क्षण शांत, की पुन्हा सुरू. दिवसभर शाळेत उभी असते तेव्हा काही नाही. साडेनऊला पाठ टेकली की सुरुवात. रात्रीच्या एसटीचा प्रवास तर मी बंदच केला होता, कारण सांगली ते पुणे पाय न हलवता बसणं मला अशक्य होतं. मध्यरात्री हॉलपासून गॅलरीपर्यंत चकरा मारायच्या, मग थंड फरशीवर पावलं टेकवून ओट्याशी उभ्या उभ्या कालचा पेपर वाचायचा. अशी दोन वर्षं गेली. झोपेतही माझे पाय झटके मारायचे, म्हणून मिस्टर हॉलमध्ये झोपायला लागले. मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

आता मशीनबद्दल. दोन पट्टे असतात, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळायचे. आतल्या पिशव्यांमध्ये हवा भरते, पोटरी आवळली जाते, थोड्या वेळाने दाब सुटतो, पुन्हा भरतो. दाबाच्या तीन पायऱ्या आहेत. सुरुवातीला मी तिसरी लावायची. वाटायचं, जितकं घट्ट तितकं बरं. चार दिवसांत कातडीवर वळ उठले. तेव्हापासून दुसरीवर वीस मिनिटं, आतून सुती मोजे घालून. साडेनऊला लावते, काढला की लगेच झोपायला जाते. आराम पडतो, हे खरं आहे. पण माझ्या बाबतीत तो तास-दीड तास टिकतो. तेवढ्यात झोप लागली तर रात्र निभते. नाही लागली तर दोन वाजता पुन्हा पट्टे बांधायचे, आणि त्या वेळी मोटरची घरघर सगळ्या घराला ऐकू जाते.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वेल्क्रो हा याचा सगळ्यात कच्चा भाग आहे. चादरीचे धागे आणि केस त्यात अडकतात. मी दर रविवारी जुन्या टूथब्रशने साफ करते, तरी डाव्या पट्ट्याची पकड सैल झालीच. सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये आठ वेळा चालायचा, आता पाच वेळा. आतलं अस्तर नायलॉनचं आहे, एप्रिलच्या उकाड्यात पोटऱ्या घामाने चिकट होतात. शेकाची सोय आहे, ती थंडीत मला आवडली. पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, नुसती शंका असेल, किंवा मधुमेहामुळे पावलं बधिर असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे बांधू नका. एकच पाय अचानक सुजला आणि दुखायला लागला, तर त्याला दाबायचं नसतं, दवाखाना गाठायचा असतो.

पहिल्यांदा पट्ट्यात हवा भरली तेव्हा मला आई आठवली. तिचे पाय असेच होते. जुन्या लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी ती फाडून ठेवायची, आणि रात्री निजताना घोट्यापासून वर मी ती गुंडाळायची. मी सात-आठ वर्षांची असेन. "अजून आवळ गं," ती म्हणायची. मी गुडघा गादीवर रोवून दोन्ही हातांनी ओढायची. सकाळी पट्टीच्या सुताचे ठसे तिच्या पोटऱ्यांवर उमटलेले असायचे. सगळे म्हणायचे, दिवसभर राबते, पाय तुटणारच. आम्ही पाच भावंडं. तिच्या रक्तात लोह किती उरलंय, हे कुणी कधी तपासलं नाही.

डिसेंबरात सर्दी झाली. औषधाच्या दुकानातून गोळी आणली, झोप आणणारी होती म्हणून बरंच वाटलं. त्या रात्री पाय इतके पेटले की पहाटेपर्यंत मी बसले नाही. मसाजर तीनदा लावला, उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. त्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकीकडे कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स मिळालं, दुसरीकडे "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी प्रश्न मात्र नेमके विचारले. पाय हलवावेसेच वाटतात का? बसल्यावर, निजल्यावर वाढतं का? चाललं की थांबतं का? संध्याकाळनंतरच होतं का? घरात आणखी कुणाला आहे? आईचं सांगताना मला रडू आलं. ते म्हणाले, "ताई, याला नाव आहे. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम." विलिस-एकबोम विकारही म्हणतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच असे रुग्ण लिहून ठेवले होते, आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी आजाराची नीट मांडणी केली. माझ्या आईच्या लहानपणाआधीच हे नाव जगात होतं, हे घरी येताना मनातून जात नव्हतं.

सर्दीच्या गोळीचंही कोडं तिथेच सुटलं. सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी जुन्या धाटणीची औषधं, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या हा त्रास वाढवतात. पण या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याशी बोला.

मग त्यांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणून आजवर सगळे म्हणत आले की रक्त चांगलं आहे. फेरिटिनवरून शरीरात साठवलेलं लोह किती आहे ते कळतं. ते आलं १८. रिपोर्टवर त्याला लाल खूणही नव्हती, कारण लॅबच्या दृष्टीने १८ नॉर्मलमध्येच बसतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात ७५ पर्यंत असेल तरी लोह द्यायचं. मेंदूला डोपामिन बनवायला लोह लागतं आणि रात्री त्याची ओढाताण जास्त होते, असं त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. या सबंध लिखाणातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून थांबू नका, फेरिटिन तपासा. तेही सकाळी उपाशीपोटी, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना, कारण अंगात सूज असली की हा आकडा खोटा वर चढतो.

पुढचा प्रश्न होता, "पाळीत किती जातं?" मी ४७ वर्षांची. गेली तीन वर्षं भरपूर जात होतं, आणि या वयात असंच असतं असं मी धरून चालले होते. लोह कुठून गळतं आहे ते आधी बघा, म्हणत त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यावरचे उपचार वेगळे चालू आहेत.

लोहाची गोळी एक दिवसाआड दिली, फेरस ॲस्कॉर्बेटची. उपाशीपोटी घ्यायची आणि तासभर चहा नाही. उठल्या उठल्या चहा पिणाऱ्या बाईला हे जड गेलं. आता पाच वाजता उठते, गोळी घेते, डबे करते आणि सव्वासहाला चहा ठेवते. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पहिल्या महिन्यात पोट जड राहिलं, ताकाने आणि पालेभाजीने सुधारलं. लोहाचा गुण येईपर्यंत दोन महिने रात्री पाय शांत राहावेत म्हणून प्रेगाबॅलिन ही गोळी, ७५ मिलिग्रॅम, होती. झोप लागली, पण सकाळी पहिल्या तासाला डोकं जड असायचं. नंतर डॉक्टरांनीच ती कमी करत थांबवली.

प्रॅमिपेक्सोल या याच आजारावर देतात त्या औषधाबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण माझ्या नणंदेला ते चालू होतं. पहिलं वर्ष तिला अगदी जादू वाटली. मग त्रास रात्री दहाऐवजी दुपारी चारला सुरू व्हायला लागला आणि हातांपर्यंत गेला. डोस वाढवला की आणखी लवकर. औषधानेच आजार वाढतो अशी ही अवस्था असते, आणि म्हणूनच अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोपामिनसारखं काम करणारी या गटातली औषधं सरसकट वापरू नयेत असं म्हटलं आहे. तिने हे तिच्या डॉक्टरांना दाखवलं, आता डोस हळूहळू उतरवताहेत. एकदम थांबवलं तर त्रास उसळून येतो.

एप्रिलमध्ये फेरिटिन ४१ झालं, जूनमध्ये ५८. जानेवारीत आठवड्यातल्या सहा रात्री माझ्या चकरा असायच्या, आता एखादी. दुपारी तीननंतर चहा नाही, हेही पाळते. मिस्टर परत खोलीत झोपायला आले.

मग मसाजर घ्यावा का? गुण आला तो लोहाने, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी वाईट रात्री तो लागतोच, आणि पहिले तीन महिने त्यानेच काढले, म्हणून पैसे वाया गेले असं वाटत नाही. मात्र आधी तपासणी, मग मशीन, या क्रमाने घ्या. मी उलटं केलं आणि तेवढे महिने गेले.

आईचं वय आता ७८. मे महिन्यात तिचंही फेरिटिन केलं, २२ निघालं. या वयात लोह का कमी झालं ते शोधायलाच हवं म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या तपासण्याही सांगितल्या, त्या चालू आहेत. सुट्टीत मशीन तिच्या पायांना लावून पाहिलं. तिला आवाज नको वाटला. "पट्टीच बांध," म्हणाली. बांधली, सैलसर, कारण आता तिची कातडी फार नाजूक झाली आहे. आम्हा दोघींची पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे, आकडे आले की इथेच खाली लिहीन.