अपघाताची भरपाई: कलम 164 की 166?
रस्ता अपघातात जखमी झालेल्याला मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत.

कलम 164 सोपं. चूक कोणाची, हे सिद्ध करायची गरज नाही. रक्कम मात्र ठरलेली: मृत्यू झाल्यास 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं हीसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

166 मध्ये समोरच्या चालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. इथे सगळी भिस्त कागदांवर: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, अपंगत्वाचा दाखला. समजा, 32 वर्षांचा गवंडी महिना 15 हजार कमावतो आणि त्याची कमाईची क्षमता 40 टक्के घटली. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं, तो वयानुसार ठरलेला आकडा) 16. म्हणजे 15,000 गुणिले 12 गुणिले 16, त्याचे 40 टक्के: 11 लाख 52 हजार. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई वेगळी. थोडी चूक तुमचीही निघाली, तर तेवढा हिस्सा कापला जातो.

साक्षीदार नाही, पुरावा लंगडा, दुखापतही भरून आलेली? मग 164 बरं. कायमचं अपंगत्व आलं असेल तर मी 166 च सांगेन, वेळ लागला तरी. आणि घाईत सही नको: विमा कंपनीशी तडजोड करून 164 ची रक्कम स्वीकारली, की 166 चा अर्ज संपतो.

अर्ज अपघाताच्या गावीच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही (अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयातही) चालतो.