दाखवलेली रेस माझ्या गाडीची नव्हतीच

माझ्या पिकअपचा गिअरबॉक्स घूंऽऽ करून ओरडायला लागला तेव्हा बेअरिंग गेलंय, हे मलाही कळलं होतं. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बॉक्स उतरवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, टेपर बेअरिंगची बाहेरची रेस हाउसिंगमध्ये जाम झालीय. पुलर धरत नाही. बाहेर प्रेसवर नेऊन काढावी लागेल, त्याचे वेगळे लागतील." टेपर बेअरिंग म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग. रेस म्हणजे त्याचं बाहेरचं पोलादी कडं, ज्याच्या आत रोलर फिरतात. हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं कवच, पुलर म्हणजे रेस ओढून काढायचं हत्यार आणि प्रेस म्हणजे दाब देणारं यंत्र. मी हो म्हटलं. बेअरिंगचे ९००, प्रेसचे ३,५०० आणि मजुरी ५,०००.

संध्याकाळी त्याने खवले उडालेली एक रेस माझ्या हातावर ठेवली. "बघा काय हाल झालेत." मी पाहिली आणि पैसे मोजले.

तीन महिन्यांत तोच आवाज परत आला. गॅरेजवाला म्हणाला, तुम्ही माल जास्त भरता.

या वेळी बॉक्स दुसऱ्या मिस्त्रींकडे नेला आणि उघडताना समोर बसून राहिलो. बेअरिंगचा रोलरसकट आतला भाग नवा होता. हाउसिंगमधली रेस मात्र जुनीच, वेगळ्या कंपनीची, आत खड्डे पडलेले आणि कडेला छिन्नीचे चार-पाच घाव. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याने ठोकून पाहिलं, निघाली नाही म्हणून तशीच ठेवली, फक्त आतला भाग बदलला आणि मला दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची रेस दाखवली. टेपर बेअरिंग आत-बाहेर जोडीनेच बदलायचं असतं. खड्डे पडलेल्या रेसवर नवे रोलर फिरवले की तेही खराब होतात. माझे तसेच झाले.

या रेसच्या मागे हाउसिंग बंद आहे, त्यामुळे पलीकडून ठोकायला जागा नाही. काम अवघड होतं, हे खरंच. पण मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. रिकाम्या हाउसिंगमधल्या रेसच्या आतल्या बाजूने गोल वेल्डिंग मारलं, अर्थिंगचा चिमटा थेट रेसलाच लावून. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि रेसलाही आत ओढतं. थोड्या वेळाने ती बोटांनी निघाली. नवी रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, ते पाण्याचा थेंब चरचरेपर्यंत तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. रेस थंडच ठेवून फक्त हाउसिंग तापवलं, तर ६२ मिलिमीटरच्या भोकात १०० अंशांच्या वाढीत साधारण ०.१४ मिलिमीटर जागा मोकळी होते, घट्ट बसलेल्या रेसला तेवढी पुष्कळ झाली. हातोडा न लावता रेस तळाला जाऊन बसली. साडेतीन हजारांची प्रेस लागलीच नाही.

बहुतेक रेसच्या कडेवर नंबर आणि कंपनीचं नाव कोरलेलं असतं. मला दाखवलेल्या रेसवर ते वाचायला दोन मिनिटं लागली असती. गिअरबॉक्स उघडणार असाल तर आधीच सांगा, की नवी रेस बसवताना मला बोलवा. बसवण्यापूर्वी नव्या रेसचा नंबर फोनच्या टॉर्चने पाहा, फोटो काढा, बेअरिंगचा रिकामा डबा आणि जुनी रेस मागून घ्या. "फेकून दिली" म्हणाला तर तिथेच थांबा, पैसे देऊ नका. बिलावर बेअरिंगचा नंबर लिहून घ्या.

मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो तेव्हा माझ्याकडे बिल म्हणून वहीच्या पानावर लिहिलेला रकमेचा एक आकडा होता, बाकी काही नाही. गॅरेजवाल्याने ते पान पाहिलं आणि म्हणाला, हे अक्षर माझं नाही.